बाराव्या दिवसाचे डोळे

परशुरामआबांना जाऊन बारा दिवस झाले, तरी त्यांच्या फोटोला डोळे लागले नव्हते. याला कारण एकच माणूस, आणि ते माणूस म्हणजे त्यांची बायको, आवडाबाई.

नौपाड्यातल्या घरातच थाटलेल्या प्रसन्न फोटो स्टुडिओत आवडाबाईंनी आयुष्यभर मेलेल्या माणसांचे डोळे उघडून दिले. घरात कुणी गेलं आणि त्याचा धड फोटो नसला, की लोक आबांना बोलावून नेत. आबा मयताच्या पाठीला उशा लावत, टोपी सारखी करत, फोटो काढत. मग प्रिंटवरच्या मिटलेल्या पापण्यांवर आवडाबाई शून्य नंबरच्या ब्रशनं डोळे रंगवत. डोळे नेहमी बाराव्या दिवशी. रंगवलेली फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून, तोंड आतल्या बाजूला करून, गिऱ्हाइकाकडे जायची आणि तेराव्याला हार घालतानाच चादर निघायची. असं का, हे कुणी विचारलं नाही. चालत्या धंद्याला का विचारू नये, एवढी अक्कल या घरात सगळ्यांना होती.

पुढे मोबाइल आले, ज्याचे त्याचे हजार फोटो झाले आणि हा धंदा बसला. आता घरचंच माणूस गेलं होतं. लोकांचे फोटो काढण्यात जन्म घालवलेल्या या माणसानं स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसायचं कबूल केलं नाही. आधार कार्डावरचा फोटो तेवढा होता, पण तो मोठा केला की चेहऱ्याऐवजी नुसते चौकोन दिसत. म्हणून साईनाथनं बापाला उशा लावून बसवलं आणि घरच्या पद्धतीनं फोटो काढला. प्रिंट स्टँडवर लागून होती. डोळे मिटलेले.

"आई, उद्या दहाला माणसं येणार," साईनाथ म्हणाला. दुपारचे तीन वाजले होते आणि सकाळपासून तो हे चौथ्यांदा सांगत होता. "डोंबिवलीहून दादा येईल, शहाडची मंडळी येतील. फोटोग्राफरचाच फोटो असा लावायचा? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"घालू देत."

"हात थरथरतो म्हणून नको म्हणतेयस का? मी धरतो ना हात."

"हात बरा आहे माझा." आवडाबाई लसूण सोलत होत्या आणि एकही पाकळी चुकत नव्हती. "मी ह्यांना डोळे देणार नाही, साईनाथ. आजही विचारू नकोस आणि उद्याही विचारू नकोस."

साईनाथला राग आला, आणि रागाखाली थोडी भीतीही वाटली. त्याच्या आठवणीत आईनं बापाला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. दोघं बोलतच कमी. एकाच खोलीत, एकाच टेबलाला, एक फोटो काढणार आणि दुसरं डोळे भरणार. असा संसार त्याला लहानपणी अगदी साधा वाटायचा. आता स्वतःचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर तो साधा वाटत नव्हता.

त्यानं आईला सांगितलं नव्हतं, पण दुसरी सोय करून ठेवली होती. त्याची मुलगी सान्वी लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. तिच्याकडे डोळे उघडणारं ॲप होतं. सकाळीच त्यानं तिला आबांची फाइल देऊन प्रिंटिंगवाल्याकडे पिटाळलं होतं. आईनं नाही म्हटलं तर म्हटलं, फ्रेम येऊन लागली की गप्प बसेल, असा त्याचा हिशेब.

*

सान्वीच्या आधी संचिता आली. साईनाथच्या मोठ्या भावाची, संदेशची मुलगी. खांद्याला कॅमेरा, चपलांना शहाडचा चिखल.

"सुतकात पण तुझं चालूच?" साईनाथ म्हणाला.

"काका, त्या चाळी पुढच्या महिन्यात पाडतायत. सुतक संपेपर्यंत बिल्डर थांबेल का?"

संचिता पाडायला निघालेल्या घरांचे फोटो काढायची. कोलशेतच्या कंपन्यांच्या चाळी, शहाडची नदीकाठची घरं, नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्या. भांडी बांधलेल्या गोण्या, भिंतीवर राहिलेले खिळे, दारात बसलेली माणसं. त्याला ती काम म्हणायची. साईनाथ त्याला काय म्हणायचा, ते आज त्यानं पुन्हा ऐकवलं.

"आम्ही माणूस बरा दिसावा म्हणून फोटो काढतो. पावडर लावतो, मान सरळ करतो. फोटो बघून त्याला दोन घास जास्त जावेत. तू जाऊन माणसाची पडझड काढतेस. कशाला? कोण लावतं तुझे फोटो घरात?"

"कुणीच लावत नाही," संचिता म्हणाली. "पण घर होतं, त्यात माणूस होता, एवढं तरी राहतं. आबांना कळायचं ते. त्यांनीच पहिला कॅमेरा दिला मला."

"आबा स्वतः उंबऱ्याबाहेरचा एक फोटो काढायचे नाहीत. आख्खं आयुष्य एक तर स्टुडिओत, नाही तर मयताच्या घरी."

हे खरं होतं आणि संचितालाही त्याचं कोडं होतं. आबांच्या आणखी दोन गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक होत्या आणि सगळे त्यांची नक्कल करत. एक म्हणजे ते कुणाला 'हलू नका' म्हणायचे नाहीत. दुसरी, फोटो निघाला की मोठ्यांदा तीनदा 'झालं, झालं, झालं' म्हणायचे आणि समोरचा माणूस स्टुलावरून उठेपर्यंत त्याच्याकडे पाठ करायचे नाहीत. गिऱ्हाइकं हसायची. मयताचा फोटो काढल्यावरही ते त्याच्या कानाशी वाकून तीनदा 'झालं' म्हणत. लोकांना वाटायचं, मंत्र असेल. साईनाथला तीच सवय लागली होती, संचितालाही. कारण कुणालाच माहीत नव्हतं.

"आजी," संचिता पाटावर टेकली. "शहाडला आज एका घरी तू केलेली फ्रेम मिळाली. शांताबाईंच्या सासऱ्यांची."

आवडाबाईंच्या हातातली पाकळी थांबली. "किती झाल्या तुझ्या?"

"सदतीस."

"कसल्या सदतीस?" साईनाथनं विचारलं.

पण बाहेर रिक्षा थांबली आणि सान्वी फ्रेम उराशी धरून पायऱ्या चढत आली. चादर नव्हती, कागदसुद्धा नव्हता, आणि फोटोचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं.

"अगं, उघडीच आणलीस?" साईनाथ ओरडला.

"पप्पा, काचेला ओरखडे पडतील म्हणाला दुकानवाला, म्हणून अशी धरली. आणि तो रिक्षावाला पण ना, डोक्यात गेला माझ्या. सारखा आरशात बघतोय. राममारुती रोडला आल्यावर म्हणतो, ताई, फोटो उलटा करा ना. मी म्हटलं, का? तर म्हणे, लहान पोर बघतंय असं वाटतंय." सान्वी हसली, पण हसू पुरतं आलं नाही. "म्हाताऱ्या माणसाचा फोटो आहे, पोर कुठून आलं?"

तिनं जुन्या फोटोपुढे नवी फ्रेम स्टँडवर ठेवली. आबांचे डोळे उघडे होते.

काम सफाईचं होतं, साईनाथला ते मान्य करावं लागलं. पापण्या, पापण्यांची सावली, बुबुळांतली चमक, सगळं जागच्या जागी. तरी ती फ्रेम नीट बघावी असं त्याला वाटेना. तो डावीकडे सरकला, मग उजवीकडे. आबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते खालून वर बघत होते, त्याच्या डोक्याच्याही वर, कुणीतरी खूप उंच माणूस समोर उभा असावा तसं. पंच्याऐंशी वर्षांच्या सुरकुतलेल्या तोंडावर ते डोळे कुणाच्या तरी होकाराची वाट बघत होते.

संचिता उठून फ्रेमजवळ गेली. काचेला नाक टेकेल इतकी जवळ. मग तिनं साईनाथचा हात धरला.

"सान्वी, हे डोळे कुठून घेतलेस?"

"ॲपनं केले. त्याला त्याच माणसाचे उघड्या डोळ्यांचे फोटो द्यावे लागतात. आबांचे कुठे होते? मग तू मला फोल्डर पाठवलेलंस ना, 'आबा' नावाचं, ते टाकलं आख्खं. वरवर चाळलं तर टोपीवाले म्हातारेच दिसले त्यात. वाटलं, आबांचेच जुने फोटो असतील."

"ते आबांचे फोटो नाहीत. आबांनी काढलेल्या मयतांचे आहेत."

साईनाथ मागच्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसला.

*

संचितानं लॅपटॉप उघडला. तिला हे असं सांगायचं नव्हतं, सुतक फिटल्यावर आजीला एकटीला विचारायचं होतं. पण आता इलाज राहिला नव्हता.

"घरांचे फोटो काढताना भिंतीवरच्या फ्रेमा आपोआप यायच्या," ती म्हणाली. "एकदा सहज एक मोठी करून बघितली. मग दुसरी. काका, डाव्या डोळ्यात बघ. बुबुळाच्या खालच्या कडेला तिळाएवढा डाग आहे."

तिनं एकामागून एक चेहरे लावले. कोलशेतचा गिरणीतला फिटर. नौपाड्यातल्या मास्तरीणबाई. शहाडचा दुधवाला, शांताबाईंचे सासरे, कल्याणचे कुणी भटजी. मिश्या वेगळ्या, कुंकवं वेगळी. पण सगळ्यांच्या डाव्या बुबुळात तोच डाग, आणि सगळे खालून वर बघणारे. सदतीस घरांत एकच कुणीतरी भिंतीवर बसून होतं. अडतिसावं या स्टँडवर आलं होतं.

"बंद कर ते," साईनाथ म्हणाला. "हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? की आपण त्यांच्या माणसांना दुसऱ्याचे डोळे लावले? तुला फोटो हवेत म्हणून घरची अब्रू भिंतीवर टांगणार तू? पुसून टाक सगळं."

"पप्पा, तिच्यावर कशाला ओरडताय? आपल्याच घरानं केलंय ना?" सान्वी म्हणाली. सकाळी ती बापाच्या बाजूची होती. आता ती संचिताच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर फ्रेमला पाठ करता यावी म्हणूनही.

"आई, तू बोल काहीतरी. कुणाचे आहेत हे?"

आवडाबाईंनी लसणीची टोपली बाजूला सारली. त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि स्टँडसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. खूप दिवसांनी दार वाजावं आणि कोण आहे ते आधीच माहीत असावं, तशा त्या उभ्या होत्या.

"दीपूचे," त्या म्हणाल्या.

साईनाथला एक मोठी बहीण होती, दीप्ती. चार वर्षांची असताना तापानं गेली, तेव्हा साईनाथ दोन वर्षांचा. घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटोग्राफरच्या घरी असायचंच असं, म्हणून त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"ताप नव्हता," आवडाबाई म्हणाल्या. "संदेशला माहीत आहे, त्याला मी शपथ घातलेली."

त्या फ्रेमवरची नजर न काढता बोलत राहिल्या.

"ह्यांना तेव्हा पेपरात फोटो द्यायचं वेड होतं. स्टुडिओतले फोटो पोटासाठी आणि बाहेरचे माझ्या मनासाठी, असं म्हणायचे. आम्ही शहाडला माझ्या माहेरी गेलेलो. उल्हास नदी फुगलेली. हे म्हणाले, पुराचा फोटो काढतो, पण नुसतं पाणी काय काढायचं, त्यात माणूस हवं. दीपूला घाटाच्या पायरीवर उभं केलं, पाण्यापासून चार पायऱ्या वर. आणि म्हणाले, हलू नकोस."

सान्वीनं वळून पुन्हा फ्रेमकडे बघितलं.

"ती पोर या खोलीत वाढलेली. लाइट लावून बघायचे तर तिलाच बसवायचे, तू बसलायस ना साईनाथ, त्याच स्टुलावर. हलू नकोस म्हटलं की 'झालं' म्हणेपर्यंत तिची पापणी हलायची नाही. कौतुक होतं ह्यांना. गिऱ्हाइकांना दाखवायचे. तेवढ्यात वरच्या अंगानं एक छप्पर वाहत आलं, त्याच्यावर जिवंत शेळी. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. हे कॅमेरा घेऊन पुलाकडे धावले. आणि तिला 'झालं' म्हणायचं राहिलं."

"आई," साईनाथ म्हणाला.

"पाणी चढलं. पलीकडे बायका धुणं आवरत होत्या, त्यांनी बघितलं. पोरी, वर जा, म्हणून ओरडल्या. ती हलली नाही. हे ज्या बाजूला गेले त्या बाजूला मान वर करून बघत होती, असं त्या सांगायच्या. कमरेला पाणी आलं तरी बघत होती."

संचिताला आपण काय ऐकतोय ते कळत होतं, आणि हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला होता हेही कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं कॅमेरा खांद्यावरून उतरवला आणि टेबलाच्या खाली, दिसणार नाही असा ठेवला.

"रोल ह्यांनी नदीत टाकला. महिन्यानं एका मयताचा फोटो काढून आणला. मी डोळे भरायला बसले आणि हातातून तिचे उतरले, डाव्या डोळ्यातल्या तिच्या डागासकट. मुद्दाम नव्हते केले रे. ह्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. फ्रेमला चादर गुंडाळली, तोंड आत करून, स्वतः नेऊन दिली. मग प्रत्येक वेळी तसंच. मला दुसरे डोळे कधी आलेच नाहीत."

साईनाथला आठवलं. लहानपणी आबा त्याला घेऊन कुणाकुणाच्या घरी जात. ओळख नसायची, काम नसायचं. चहा व्हायचा आणि आबा भिंतीवरच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहत, ओठ हलत. साईनाथला कंटाळा यायचा.

"शांताबाई म्हणत होत्या," संचिता हळू म्हणाली, "परशुरामशेठ दर वर्षी यायचे. सासऱ्यांच्या फोटोपुढे तीनदा काहीतरी पुटपुटायचे."

"तेच. दोनशे घरं असतील. दर घरी जाऊन तिला सांगायचे, झालं, झालं, झालं. थकेपर्यंत सांगितलं." आवडाबाईंचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "ती कशी ऐकेल? मी बाराव्या दिवशी पुन्हा नव्यानं उघडायचे ना तिचे डोळे. मी एकदाही म्हटलं नाही, झालं म्हणून. म्हटलं आणि ती गेली तर? मी तिला ठेवून घेतली होती, साईनाथ. लोकांच्या भिंतीवर का होईना. पण ह्यांच्या तोंडावर कशी ठेवू? तिनं ह्यांचीच वाट बघत जीव सोडला. आता ह्यांच्याच चेहऱ्यातून ह्यांची वाट बघत बसेल. म्हणून मी नाही म्हणत होते, आणि तुम्ही यंत्राकडून करून घेतलंत."

सान्वी रडायला लागली. "मी पुन्हा करते आजी. नवीन काढून आणते, डोळे मिटलेलेच."

"नको. उघडलेत ना, आता मिटायचंसुद्धा हातानंच. काच काढ, साईनाथ."

साईनाथनं वाद घातला नाही. अब्रू, उद्याचे दहा, शहाडची मंडळी, काही त्याच्या डोक्यात उरलं नव्हतं. त्यानं स्टुलावर बसूनच फ्रेम पालथी घातली, मागचे खिळे उपसले, काच बाजूला केली. प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो स्वतः खालून वर, आईकडे बघतोय.

आवडाबाईंनी रंगांची पत्र्याची डबी काढली. वाळलेल्या रंगावर पाण्याचे दोन थेंब टाकले, ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार केलं. आयुष्यभर मिटलेले उघडणारी ही बाई, डोळे मिटायची तिची पहिलीच वेळ. कातडीचा रंग त्यांनी कपाळावरून जुळवला. उजवी पापणी वरून खाली, बारीक बारीक रेघांनी. हात खरंच थरथरत नव्हता.

डाव्या डोळ्याशी ब्रश थांबला. तिळाएवढा डाग तेवढा उरला होता.

"आजी, बाकीच्या घरांत आहे ती," संचिता म्हणाली. तिला आजीला अडवायचं होतं की धीर द्यायचा होता, तिलाच कळलं नाही.

"तिथं आहेत ती नुसती चित्रं राहतील आता," आवडाबाई म्हणाल्या. "तुला हवी तर ठेव तू. पण नाव लिही तिचं खाली."

त्यांनी शेवटची रेघ ओढली. मग आबा वाकायचे तशाच त्या प्रिंटवर वाकल्या, डाव्या बाजूला, कान असतो तिथे.

"झालं," त्या म्हणाल्या. "झालं. झालं गं, दीपू. आता हललीस तरी चालेल."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. आबांची शिकवण अंगात मुरलेली, म्हणून असेल, चौघांतलं कुणीही पाठ वळवेना. सगळे लहान मुलांच्या त्या लाकडी स्टुलाकडे बघत उभे राहिले. साईनाथ त्यावरून केव्हाच उठला होता. थोड्या वेळानं ते एकदा कुरकुरलं, कुणीतरी उतरल्यावर कुरकुरतं तसं.

मग आवडाबाई वळल्या आणि ब्रश धुवायला मोरीकडे गेल्या.